बाभळीपर्यंतची पावलं

सोलापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
सकाळचे साडेनऊ

प्रिय बसप्पा यास,

मानसिंगचा रामराम, आणि तुमच्याकडच्या रीतीनं शरणार्थ. काशम्मा वहिनींना नमस्कार सांग.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच परत पाठवशील असं तुझ्या लीलावहिनीचं म्हणणं आहे. मी म्हटलं, बसप्पा फाटकं तिकीटसुद्धा गाडीत टाकू देत नाही, तो पत्र कशाला टाकेल? फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर नंबरच काढून टाकला असता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय फोनवर मला खोटं बोलायची सवय झाली आहे. कागदावर जरा जड जातं.

आमच्याकडे सगळे ठीक. लीलाचे गुडघे थंडीत फार कुरकुरले, आता उन्हं तापायला लागली तसे गप्प आहेत. अभिमन्यूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. त्याची आरोही पहिलीत गेली. घरात आल्यावर सगळ्यांना ओळीत बसवून हजेरी घेते, मी 'हजर' म्हटलं नाही तर छडी दाखवते. यंदा मी गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही. इतकी वर्षं तू मला ओढून न्यायचास, मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्या कुठवर आल्या ते गर्दीतून बोट करून दाखवायचास, आणि परत येताना वहिनींनी केलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाची चटणी हातात द्यायचास. यंदा संक्रांत गेली, चटणी आली नाही, तेव्हा खात्री पटली की तुझा राग खरा आहे.

मला कालपासून थोडी कणकण आहे. तळ्यात पाय भिजला, दुसरं काही नाही.

तळ्यावर मी काय करतो म्हणशील. फिरायला जातो. हसू नकोस. स्टँडवर दहा पावलांवरच्या टपरीतून चहा आणायलाही जो माणूस तुलाच पाठवायचा, तो आता रोज संध्याकाळी कंबर तळ्यावर फिरतो. त्याचं असं झालं की तुझी अक्कलकोटला बदली झाल्यावर मी डेपोत सांगितलं, मला साखर निघाली आहे, डॉक्टरांनी रोज संध्याकाळी तासभर चालायला सांगितलंय, तेव्हा मला सकाळच्या फेऱ्या द्या. दुसरा ड्रायव्हर सिद्धनाथ, त्याला ते सोयीचं होतं. त्यानं आपली संध्याकाळची वैरागची फेरी घेतली, त्याची सकाळची मोडनिंब मी घेतली. साखरबिखर काही नाही, बसप्पा. पण एकदा सांगितल्यावर डेपोत माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा यायला लागला, आणि लीलाच्या कानावर गेल्यावर घरीही तोच. संध्याकाळी मी घरात बसलेला दिसलो की तिची बोलणी सुरू. शेवटी चपला घातल्या आणि निघालो. खोटं निभावायला म्हणून गेलो, आणि तिथं मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तीस वर्षं मी रस्ता बघितला, पण रस्त्याच्या कडेचं काही बघितलं नाही. ड्रायव्हरला झाड म्हणजे पुढं वळण आहे हे सांगणारी खूण, आणि पाखरू म्हणजे काचेवर पडणारी घाण. या तळ्याशेजारून मी विजापूर रोडनं किती वेळा गेलो असेन, पण त्यात कमळं फुलतात हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. फाटकातून आत गेलं की काठाकाठानं एक पायवाट जाते. फाटकापासून पाण्याजवळच्या मोठ्या बाभळीपर्यंत दोनशे बारा पावलं. मी मोजली आहेत. का मोजली ते पुढं सांगतो.

त्या बाभळीला टेकून बसायचं. ऊन उतरलं की आधी फिरायला आलेली माणसं परततात, कारण डास येतात. मग पाखरं यायला लागतात. डोक्यावरून खाली गेली तर ओलं फडकं झटकल्यासारखा आवाज होतो. पाणकोंबड्या पाणगवतात शिरून जागेवरून भांडतात, अगदी आपल्या शेवटच्या गाडीत खिडकीवरून बायका भांडतात तशा. अर्धा तास हा गोंधळ चालतो आणि मग सगळी एकदम गप्प होतात. चिखलाचा, कुजक्या पानांचा वास वर येतो. वारा पाण्यावरून आला की शेतावरून आला हे गालाला कळायला लागतं. मी डोळे मिटून बसायचो. इथं मागं हॉर्न नाही, पुढं कुणी आडवं येत नाही, कुणाला कुठं वेळेत पोचायचं नाही. छातीत इतके दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल व्हायचं. खोटं सांगत नाही, एकदोनदा मी तिथं रडलोही, आणि रडून हलका होऊन घरी आलो.

डोळे मिटले की वाटायचं, हा अंधार मी केलेला आहे. उघडले तरी फारसा फरक पडत नव्हता, हे मात्र मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

आता आलंच आहे कागदावर तर लिहितो. तुला काही हे नवीन नाही. तुला तर माझ्याआधी कळलं होतं.

दीड वर्षापूर्वीचा दसरा आठव. वैरागच्या स्टँडवर दिवे लागायच्या वेळी तू चहाचा ग्लास घेऊन खिडकीशी आलास आणि बाजूनं धरलास. मी समोर बघत बसलो. तू 'अण्णा' म्हणालास, मी 'आण की चहा' म्हटलं. ग्लास माझ्या कानाजवळ होता. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तू काही न बोलता ग्लास अगदी नाकासमोर आणून धरलास, आणि गाडी सुटल्यावर आपल्या सीटवर न बसता माझ्या मागं येऊन केबिनच्या जाळीला धरून उभा राहिलास. दिवस बुडाला तशी तुझी अंगठी जाळीवर वाजायला लागली. एकदा वाजली की डाव्या कडेला कुणीतरी, दोनदा वाजली की उजव्या, भराभर वाजली की हळू घे. आपलं काही ठरलं नव्हतं. तू वाजवत गेलास, मी शिकत गेलो. लोक म्हणायचे, कंडक्टर भजनी दिसतोय, गाडीतसुद्धा ठेका धरतो. तू हसून म्हणायचास, "व्हय की, पाठ करतोय."

वर्षभर पन्नास माणसं रोज तुझ्या अंगठीवर घरी पोचली. आणि मी? मी तुला काय दिलं?

पहिलं खोटं इथं कबूल करतो. तू मागं लागलास म्हणून मी ऑगस्टात डोळ्याच्या दवाखान्यात गेलो होतो. तुला येऊन सांगितलं, नंबर वाढलाय, चष्मा दिलाय, आता होईल ठीक. तो चष्मा मी बाहेर रस्त्यावरून घेतला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते वेगळंच होतं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत चाललाय. समोरचं उजेडात नीट दिसतं, म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचतो आणि दर वेळी तपासणीत पास होतो. पण बाजूचं जातं, आणि दिवस मावळला की सगळंच जातं. औषध नाही. हळूहळू समोरचंही जाईल, किती वर्षांत ते सांगता येत नाही. बाईंनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "शेती." त्या म्हणाल्या, "बरं झालं. गाडीबिडी चालवत नाही ना?" मी म्हटलं, "न्हाई बाई, आमी कुटलं गाडी चालवतोय."

हे ऐकून तू मला केबिनमधून खाली ओढला असतास. म्हणूनच सांगितलं नाही. नोकरीची दोन वर्षं उरली होती. वाटलं, रेटून नेऊ. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.

आता नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारबद्दल. आपण दोघंही त्यावर बोललो नाही, मी एकटाच बोललो, आणि तेही डेपोतल्या साहेबांपुढं.

वडाळा सोडून आपण नान्नजकडं येत होतो. दोन्हीकडं माळ, आणि उजेड नुसता आभाळाला उरलेला. तू मागं एका म्हाताऱ्याचं तिकीट काढायला गेलास, म्हणून जाळी थांबली. मी गाडी हळू करायला हवी होती. केली नाही. रस्ता आपल्या घरचाच आहे, असं वाटलं. एवढ्यात घंटी वाजली, एक, मग लागोपाठ एक, एक. तू मागच्या एका खिडकीतून पुढं कुणीतरी चाललेलं बघितलं होतंस, आणि दोरी तेवढी हाताशी होती. मला वाटलं कुणाला तरी मळ्यापाशी उतरायचंय. स्टॉप नसताना उतरवायचं नाही, असा माझा जुना ताठा. मी थांबायच्या ऐवजी दाबून पुढं घेतली. मग आरशाला काहीतरी धाडकन लागलं.

बाई रस्त्याच्या कडेला बसली होती आणि तिच्या डोक्यावरचा कडब्याचा भारा रस्ताभर पसरला होता. तू पळत गेलास. तिला उठवलंस, कडबा गोळा करून पेंड्या पुन्हा बांधल्यास. ती म्हणत होती, "मला काय न्हाई झालं बाबा, भारा गेला निस्ता." मी स्टेअरिंगवरून उठलो नाही. भीतीनं ते घट्ट धरून बसलो होतो, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की ड्रायव्हरला माज आहे.

तू गाडीत आलास. मी डबल बेलची वाट बघत होतो. तू दोरीला हात लावेनास.

"दे की घंटी," मी म्हटलं.

"डोळ्याचा कागद दाखवा अण्णा. दवाखान्याचा. मग देतो."

"कसला कागद? लोकं खोळंबल्यात."

"एवढा मोठा भारा दिसला नाय तुमाला. बाई दिसली नाय. चष्म्याचं खोटं हाय का खरं, तेवढं सांगा."

मागून लोक ओरडत होते. "ओ कंडक्टर, भांडण घरी जाऊन करा की." तू हलला नाहीस. वीस मिनिटं. शेवटी पुढच्या सीटवरच्या एका माणसानं वैतागून दोरी दोनदा ओढली, आणि मी त्या घंटीवर गाडी काढली. तीस वर्षांत कंडक्टर सोडून दुसऱ्याच्या घंटीवर गाडी काढली ती त्या दिवशी पहिल्यांदा. तू येऊन जाळीमागं उभा राहिलास, आणि सोलापूर येईपर्यंत तुझी अंगठी वाजत राहिली. एवढं होऊनसुद्धा. बसप्पा, ती टकटक मला अजून ऐकू येते. मोडनिंबच्या रस्त्याला भर सकाळच्या उन्हात ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. 'कंडक्टरने विनाकारण वीस मिनिटे गाडी अडवून ठेवली व प्रवाशांसमोर हुज्जत घातली.' बाईचा शब्द नाही, भाऱ्याचा नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मला भीती होती की तू आधी जाऊन सांगशील, म्हणून मी आधी गेलो. चौकशीत साहेबांनी तुला विचारलं, गाडी का अडवली. आता सांगेल म्हणून मी मुठी आवळून बसलो होतो. तू म्हणालास, "डोस्कं फिरलं होतं साहेब, चूक झाली." आणि माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मला दिसलं, कारण तू अगदी समोर उभा होतास. तुझी वेतनवाढ गेली, बदली झाली, आणि मला साहेबांनी चहा पाजला.

माफी मागायला मला तोंड नाही. मागतोच आहे, पण त्यासाठी हे पत्र नाही. पुढचं लिहायला हात उचलत नाही म्हणून इतका वेळ मागचं उगाळत बसलो.

तळ्यात पाय भिजला असं वर लिहिलंय. पाय नाही, मी कंबरेपर्यंत भिजलो. काल माझी सुट्टी होती. आरोही चार दिवस मागं लागली होती, आजोबा, मला पाखरं दाखवा. तळ्यावर मला कसलीच भीती वाटेनाशी झाली होती, तिथं सगळं ओळखीचं, सगळं शांत. मी तिला घेऊन गेलो. कमळं दाखवली. पाखरं येताना तिनं मोजली, मला दाखवली, मी 'हो, हो' म्हणत राहिलो. बोट करून दाखवायची तिकडं मान वळवायचो, एवढंच. दिवस बुडाला. तिनं माझा हात सोडला. म्हणाली, "आजोबा, पीस!" आणि गेली.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पाणी चार हातांवर. एक बारीक चुबुक असा आवाज आला. बेडूक असेल, मासा असेल. मला वाटलं, पोरगी गेली.

मी चपलांसकट पाण्यात शिरलो. गुडघा, मग मांड्या, मग कंबर. हातानं पाणी चाळत होतो. कमळाचे देठ हाताला लागत होते आणि प्रत्येक देठ मला तिचा हात वाटत होता. मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो. देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती हाताला लागली नसती तर मी बाहेर येणार नव्हतो.

आणि ती काठावर उभी होती, बसप्पा. माझ्या उजव्या हाताला, पाच पावलांवर, पीस हातात घेऊन. ती मला बघत होती. आधी तिला वाटलं आजोबा लपाछपी खेळतायत, सापडल्यावर पण न सापडल्याचं सोंग करतायत, म्हणून तोंड दाबून गप्प राहिली. मग मी पाण्यात गेलो तशी ती घाबरली, आणि घाबरल्यावर तिच्या तोंडून आवाजच फुटेना. फिरायला आलेल्या दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हा ती बोलली. "आजोबा, मी इथंच आहे की. तुम्ही माझ्याकडं बघत होता."

घरी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. लीलानं टॉवेल दिला आणि माझ्याकडं नुसती बघत राहिली. अभिमन्यूनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला नीट दिसतंय ना?" मी त्याच्यावर खेकसलो. आरोही झोपायच्या आधी माझ्याजवळ आली आणि माझ्या डोळ्यांपुढं हळूच हात हलवून बघितला.

आणखी एक आहे. ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझी आई रंभाबाई दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावून चालायची. आम्ही लहानपणी तिची नक्कल करून हसायचो. शेजारणी तिला बकऱ्याचं काळीज खायला सांगायच्या, त्यानं नजर येते म्हणून. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं तेव्हा म्हणाल्या, हा आजार घराण्यातून येतो, तुमच्या मुलालाही तपासून घ्या, आणि नातवंडं असतील तर त्यांनाही. सहा महिने मी ते पोटात ठेवलंय. अभिमन्यूला सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं. काल अंथरुणावर पडल्या पडल्या एकच म्हणत होतो, तिला तेवढ्या अंधारात पीस दिसलं, म्हणजे तिचे डोळे चांगले आहेत. तिला पीस दिसलं. पीस दिसलं.

आता उद्याचं. सिद्धनाथ वडिलांच्या आजारपणासाठी महिनाभर गावी गेला. उद्या सोमवारपासून संध्याकाळची वैराग माझ्या नावावर लागली आहे. कंडक्टर इंद्रायणी म्हणून एक नवी पोरगी आहे, नोकरीला दोन महिने झालेत, मला काका म्हणते. दिवस मावळला की ती आपल्या सीटवर बसून मशीनवर मान घालते. तिला जाळीचं काही ठाऊक नाही.

आणि मी जाणार होतो. परवा बोर्डावर नाव बघितल्यापासून काल संध्याकाळपर्यंत माझं जायचं पक्कं होतं. आता बाभळीपर्यंतची पावलं का मोजली ते सांगतो. मला बघायचं होतं की न दिसता, नुसत्या पाठ केलेल्या रस्त्यानं किती बिनचूक जाता येतं. रोज जमायचं. एकही पाऊल चुकायचं नाही. मग वाटायचं, दोनशे बारा पावलं जमतात तर वैरागचा रस्ता का जमू नये, तोही पाठच आहे. लीलाला वाटायचं तळ्यावर जाऊन यांचा चेहरा निवळतो. निवळायचा तो यानं. मी तिथं शांत व्हायला जात होतो हे खरं, आणि तिथं बसून मी पन्नास माणसांना मारायची तयारी करत होतो, हेही खरंच. काल पाठ केलेल्या वाटेपासून पाच पावलांवर माझी नात उभी होती आणि मी पाणी चाळत होतो.

मी उद्या गाडी काढणार नाही. सकाळी दहाला डेपोत जाऊन दवाखान्याचा कागद साहेबांपुढं ठेवणार. सोबत माझ्या हातानं लिहिलेला दुसरा कागद, त्यात कडब्याची बाई, माझा खोटा रिपोर्ट, आणि तू गाडी का अडवलीस ते. तुला मी चष्म्याचं खोटं सांगितलं होतं तेही त्यात येईल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. भीती वाटते. खूप वाटते. छप्पन्न वर्षांचा गडी, पण ही ओळ दोनदा खोडून लिहिली. गाडीशिवाय मी कोण, हे मला सांगता येत नाही. उद्यानंतर कुणी विचारलं काय करता, तर काय सांगू?

पण एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय लिहायची नाही असं ठरवलंय. जाळीवरची टकटक. ती लिहिली तर तू वर्षभर गप्प राहिलास हे उघड होईल आणि तुलाही पुन्हा जाब विचारतील. नाही लिहिली तर माझं खरं पुन्हा अर्धंच राहील. एकदा मी तुला न विचारता तुझ्याबद्दल लिहिलं आणि त्याचं फळ तू भोगतोयस. या वेळी तू सांगशील तसं. आला नाहीस तर टकटकीचा शब्द निघणार नाही, बाकीचं सगळं लिहीन.

होय, ये म्हणतोय. हे पत्र साडेअकराच्या अक्कलकोट गाडीच्या ड्रायव्हरकडं देतो, दुपारी तुझ्या हातात पडेल. रविवारी तुझी फेरी तीनला संपते हे मी विचारून घेतलंय. पत्र देऊन घरी परतलो की लीलाला सगळं सांगणार, मग अभिमन्यूला. त्यांच्यापुढं कसा उभा राहणार कुणास ठाऊक, पण सांगणार. त्यानंतर ती मला घरात ठेवून घेईल की तळ्याच्या फाटकापर्यंत सोडायला येईल, ते तिच्या मनावर आहे. हात जोडून सांगेन तिला, आजचा दिवस मला जाऊ दे. पुढचं मला पाठ आहे. पाण्यापासून लांब बसेन, काळजी करू नकोस.

साडेसहाच्या सुमाराला पाखरं यायला लागतात. तू फाटकातून आत ये आणि सरळ काठानं चालत रहा, बाभळीखाली मी असेन. तोवर उजेड गेला असेल. एवढं एक कर, बसप्पा. जवळ येऊन गप्प उभा राहू नकोस. काल आरोही तशीच उभी होती. राग असला तर शिवी दे, कानडीत दे, मला कळली नाही तरी चालेल. पण लांबूनच आवाज दे.

तुझ्या हाकेकडं कान लावून बसलेला,
मानसिंग